खोतांची गाळणी

डॉ. अनंत खोत ताक पिऊ लागले की कोबेतली मराठी मंडळी हातातला घास हातात ठेवून बघत बसत. कारण खोतांची मिशी. नाकाखालून निघालेली, दाट, करडी, आणि नाटकाचा पडदा अर्धा सोडावा तशी वरच्या ओठावरून खाली आलेली. बोलताना ओठ हलतोय की मिशी, हे लांबून कळत नसे. भांडं तोंडाला लागलं की ताक मिशीतून आत जाई आणि जिरं, कोथिंबीर, आल्याचा कीस बाहेरच अडकून राही. मग खोत भांडं खाली ठेवत, सभेवर एक नजर फिरवत, जीभ बाहेर काढत आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत मिशी अशी झाडून घेत की कोथिंबिरीचं एक पान शिल्लक राहत नसे.

"म्हातारी जेवली," ते म्हणत.

ही म्हातारी कोण ते सांगतो. पण आधी आमची ओळख कशी झाली ते सांगायला हवं, कारण पहिल्याच भेटीत मी त्यांच्याकडे त्यांची मिशी उसनी मागितली होती.

मी एका व्यापारी कंपनीत आहे. पगार तिचा घेतो, पण मनापासून केलं ते सूत्रसंचालनच. कोबेत आमचा गणपती वॉर्डाच्या भाड्याच्या सभागृहात बसतो. त्या वर्षी बालनाट्य सुरू व्हायच्या वेळेला कळलं की यमराजाच्या मिशा ट्रेनमध्ये राहिल्या. जपानात हरवलेली वस्तू सापडतेच, पण ती शेवटच्या स्टेशनावरच्या खिडकीत जाऊन, सही करून आणावी लागते. तोवर सावित्रीनं काय करायचं? हवालदिल होऊन मी सभागृहभर पाहिलं, आणि मागच्या खुर्चीवर मला ती मिशी दिसली. गेलो, नमस्कार केला आणि म्हणालो, "साहेब, आपली मिशी थोडा वेळ मिळेल का?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "मिशी देत नाही," ते म्हणाले. "पण मिशा येईपर्यंत पोरांना सांभाळतो. एक भांडं ताक आणा."

ताक आलं. खोत रंगमंचावर चढले आणि पोरांना म्हणाले, "जगात सगळ्यात मोठं तोंड कोणाचं?" पोरांनी एकमतानं माझ्याकडे बोट दाखवलं. खोत म्हणाले, "यांचा दुसरा नंबर. पहिला बोहेड देवमाशाचा. उत्तरेकडच्या बर्फाच्या समुद्रात राहतो. डोकं धनुष्यासारखं वाकलेलं, आणि एकतृतीयांश शरीर म्हणजे नुसतं डोकं. एवढं मोठं जनावर खातं काय? तर तांदळाच्या दाण्याएवढे जीव. आपल्या जवळ्यापेक्षासुद्धा बारीक. दात एकही नाही. वरच्या जबड्यातून दोन्ही बाजूंना शेकडो पट्ट्यांची झालर लोंबते. एकेक पट्टी दोन माणसं एकावर एक उभी करावीत एवढी लांब, आणि बनलेली कशाची? आपल्या नखांची असते त्याच वस्तूची. तोंड उघडायचं आणि सावकाश पुढे जात राहायचं. पाणी पुढून आत, बाजूंनी बाहेर. जेवण झालरीत अडकतं. मग जीभ." आणि भांडं तोंडाला लावून त्यांनी ते करून दाखवलं.

सभागृह हशानं कोसळलं. आमची पोरं घरी मराठीत विचारलेल्याला जपानीत उत्तर देणारी. ती ओरडायला लागली, "मो इक्काई", म्हणजे पुन्हा एकदा. खोतांनी पुन्हा केलं. फक्त पहिल्या रांगेतल्या एका लहान मुलीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि बारीक आवाजात म्हटलं, "यामेते, बाबा." पुरे करा, बाबा. ती त्यांची ईरा. यमराज आले तेव्हा त्यांच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

खोत मूळचे हर्णैकडचे. बंदराकडच्या भरावावर एक संशोधन संस्था आहे, तिथे ते वर्षावर्षाच्या करारावर आले होते, आणि देवमासे काय खातात हाच त्यांचा धंदा होता. माणसांचीही त्यांनी त्याच हिशोबानं दोन जातींत वाटणी केली होती: चावणारे आणि गाळणारे. "चावणाऱ्याला आधी सावज निवडावं लागतं. मग त्याच्यामागे धावायचं, मारामारी करायची. गाळणारा निवडत नाही. समुद्र देतो. आपण तोंड उघडं ठेवायचं आणि चालत राहायचं."

"मग मी कोण?" मी विचारलं.

"तुम्ही चावणारे, नाटकवाले. तुमचं तोंडही उघडंच असतं म्हणा, पण त्यातून फक्त बाहेर येतं."

मला ते पहिल्यापासून 'नाटकवाले' म्हणत. मला राग यायचा नाही. माझ्या कंपनीत मला माझ्या नावानं हाक मारणाऱ्यांपेक्षा हा माणूस मला जास्त ओळखत होता.

त्यांचं दुसरं आवडतं वाक्य पंगतीचं होतं. बोहेड कधी कधी घोळक्यानं जेवतात, आणि तेव्हा एकामागे एक नाही, तर उडत्या बगळ्यांसारखे तिरके, प्रत्येक जण पुढच्याच्या जरा मागे आणि जरा बाजूला. खोत त्याला तिरकी पंगत म्हणत. पुढच्याच्या तोंडाकडून निसटलेलं मागच्याच्या वाट्याला येत असावं, असं त्यांचं मत. संस्थेत कोणाला बढती मिळाली, कोणाला मोठं अनुदान मिळालं की फोनवर सांगायचे, "पुढचा जेवला हो. आम्ही तिरक्या पंगतीत मागे आहोत. येईल निसटून काहीतरी." तेव्हा मी हसायचो.

एका शनिवारी त्यांनी मला म्हातारी दाखवली. होक्काइदो बेटाच्या उत्तरेला कोळ्यांच्या जाळ्यात अडकून मेलेली बोहेड मादी. तिची एक अख्खी पट्टी संस्थेकडे आली होती. लांब टेबलावर ती आडवी ठेवलेली, काळी, किंचित वाकलेली, एका कडेला राठ केसांची किनार. एखाद्या राक्षसानं दाढी करायला घेतलेला वस्तरा असावा तशी.

"ही पट्टी नखासारखी वाढत असते," खोत म्हणाले. "हिरडीकडचं टोक ताजं, हे खालचं टोक जुनं. मध्ये वीसेक वर्षांचं जेवण. बोटाबोटावर भुकटी खरवडायची आणि यंत्रात घालायची. त्या ऋतूत म्हातारीनं काय खाल्लं ते कळतं. हे बघा, इथे उन्हाळा. इथे हिवाळा. पुन्हा उन्हाळा. माझ्या बायकोला मी काल काय जेवलो ते आठवत नाही, पण हिनं कधी काय खाल्लं ते मी सांगतो."

मग ते हिरडीच्या टोकाशी गेले आणि त्यांचा आवाज खाली आला.

"इथपर्यंत वरच्या पाण्यातलं जेवण. इथून पुढे तळाचं. शेवटची काही वर्षं म्हातारी चिखल खात होती."

"म्हणजे?"

"खाली जाऊन तळ उकरायची. तिथलेही बारीक जीव असतात, मिळतात. पण सोबत चिखल येतो. वर पोट भरत असतं तर एवढ्या वयात खाली कशाला गेली असती? मला ते 'का' शोधायचंय. बाकीचं सगळं झालंय."

त्या 'का'ला वेळ लागणार होता, आणि वेळ मिळवायचा तर नोकरी कायम व्हायला हवी होती. इथे संशोधकांसाठी कायदा असा की, सलग दहा वर्षं एका ठिकाणी करारावर काम केलं की कायम करा असं मागता येतं, आणि मागितलं की द्यावं लागतं. खोतांचं दहावं वर्ष जवळ येत होतं. व्हिसा नोकरीला बांधलेला, ईराची शाळा व्हिसाला बांधलेली. मुलगी आता उंच झाली होती, पुढच्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसणार होती आणि तिला वाचता येणारी भाषा एकच होती, ती जपानी. हर्णैला नेऊन तिला कुठल्या शाळेत घालणार होते?

"काळजी कशाला?" खोत म्हणायचे. "किमुरा-सान आहेत ना."

किमुरा-सान त्यांचे विभागप्रमुख. सज्जन गृहस्थ. ते दुर्जन असते तर ही गोष्ट मला आणखी रंगवून सांगता आली असती, पण माझं नशीब तेवढं चांगलं नाही. दर गणपतीत सुमेधा वहिनी, म्हणजे खोतांच्या पत्नी, त्यांच्यासाठी मोदकांचा डबा भरून देत. हातवळणीचे, केशराची काडी लावलेले, तूप वेगळ्या वाटीत. दोन दिवसांत डबा परत येई. धुतलेला, पुसलेला, सुंदर कापडात बांधलेला, आणि सोबत काहीतरी भेट. कधी द्राक्षांचा घड, कधी लाल घेवड्याची मिठाई, कधी चहा.

"बघितलंत?" खोत डबा माझ्या नाकासमोर नाचवत म्हणाले. "अगदी आमच्या आईच्या वळणाचा माणूस. रिकामा डबा परत पाठवत नाही."

मी जपान्यांशी व्यापार करता करता केस पिकवलेले. मी म्हटलं, "खोत, आपल्याकडे डबा भरून परत येतो तो येणंजाणं चालू राहावं म्हणून. इथे परतभेट येते ती कोणाचं काही अंगावर राहू नये म्हणून. या दोन रीती दिसायला जुळ्या बहिणी आहेत. पण एक आलीय केळवणाला आणि दुसरी आलीय निरोप घ्यायला."

"तुम्ही व्यापारी. तुम्हाला देवाच्या प्रसादातही व्यवहार दिसतो."

"दिसतो. म्हणून तर म्हणतो, मोदक द्या, पण दुसरीकडेही अर्ज टाका. जरा चावा."

"अहो, ज्या माणसानं दर वर्षी माझ्या घरचे मोदक खाल्ले, तो मला उपाशी ठेवेल?" मिशीवर हात फिरवून त्यांनी विषय संपवला. "समुद्र देतो, नाटकवाले."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भावोजी, सांगून उपयोग नाही. आमच्या घरी एकच देवमासा आहे, आणि त्याला मागे वळता येत नाही."

दहावं वर्ष पुरं व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात किमुरा-सानांनी खोतांना बोलावलं. संध्याकाळी सान्नोमिया स्टेशनाजवळच्या एका कॉफीच्या दुकानात खोत मला ते सांगत होते.

"मी आत गेलो तर तेच उठून उभे राहिले आणि कमरेतून वाकले. मला वाटलं, अभिनंदन करतायत. मीसुद्धा वाकलो. बराच वेळ आम्ही दोघंही वाकलेलेच. मग ते म्हणाले, करार मार्चमध्ये संपतोय, त्यापुढे शक्य नाही. माझ्या कामाची फार तारीफ केली. म्हणाले, 'खोत-सान, तुमच्यासारखा माणूस पुन्हा मिळणार नाही.'"

"मग काढतात कशाला?"

"तेच विचारलं. म्हणाले, संस्थेचं धोरण आहे, सगळ्यांना सारखंच. दहा भरायच्या आत सोडलं की कायम करायचा प्रश्नच उरत नाही." त्यांनी कॉफी तोंडाला लावली, मिशी पुसली. "म्हणजे काम वाईट असतं तर तिसऱ्या वर्षी काढलं असतं आणि मी तेव्हाच दुसरीकडे गेलो असतो. चांगलं होतं म्हणून शेवटपर्यंत ठेवलं, आणि शेवटपर्यंत ठेवलं म्हणून आता काढलं. काय गाळणी आहे बघा. पाणी राहतं आणि मासा बाहेर."

पुढचे दोन महिने खोत आम्हाला दिसले नाहीत. ते कामाचं हस्तांतर करत होते. या देशात नोकरी सोडणारा माणूस आपलं काम अशा नीटनेटकेपणानं लावून देतो की नव्या माणसानं दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसावं आणि कुठे काही खळबळ होऊ नये. खोतांनी ते लेकीचं लग्न लावावं तसं केलं. प्रत्येक भुकटीची बाटली, तिच्यावर चिठ्ठी, यंत्र कसं चालवायचं, कुठे अडतं, अडलं तर कुठे थोपटायचं. त्यांच्या मनात अजून कुठेतरी होतं की इतकं सुंदर काम पाहून कोणीतरी म्हणेल, थांबा.

"सगळं समजावलंत कोणाला?" मी विचारलं.

"कपाटाला," ते म्हणाले. "नवीन माणूस घेणार नाहीत. विषय बंद."

आणि ते कपाट पट्टीपेक्षा आखूड निघालं.

कचेरीचं म्हणणं सरळ होतं. टेबल दुसऱ्या विभागाला द्यायचंय, वस्तू कपाटात मावायला हवी, मावत नसेल तर मोठ्या कचऱ्यात द्यावी लागेल. मोठ्या कचऱ्याचं तुम्हाला सांगायला हवं. इथे सोफा, पलंग, कपाट टाकायचं तर कॉन्बिनीतून, म्हणजे नाक्यावरच्या दिवसरात्र उघड्या दुकानातून, एक स्टिकर विकत आणायचा, वस्तूवर चिकटवायचा आणि नेमल्या दिवशी सकाळी खाली ठेवायची. म्हातारीला स्टिकर लावण्यापेक्षा खोतांनी करवत घेतली. पट्टी घरी नेता येत नव्हती. ती संस्थेची, आणि या जनावराचं नखसुद्धा परवान्याशिवाय देशाबाहेर जात नाही.

धरायला मला बोलावलं. मी एका टोकाला, खोत मध्यावर. त्यांनी हिरडीच्या बाजूची एक जागा बोटानं चाचपली.

"इथून म्हातारी चिखल खायला लागली. इथेच कापू. निदान तुकडा बरोबर पडेल."

करवत चालू लागली तसा केस जळल्यासारखा वास सुटला. काळा भुसा खोतांच्या मिशीवर बसत होता आणि ते तो झाडत नव्हते. तुकडे झाल्यावर त्यांनी ते क्रमानं कापडात गुंडाळले आणि कपाटात ठेवले. दार बंद झालं. अगदी बरोबर मावलं होतं. ते म्हणाले, "उत्तम." मला वाटतं, इतका कडवट शब्द मी मराठीत दुसरा ऐकलेला नाही.

शेवटच्या दिवशी प्रथेप्रमाणे टेबलाटेबलावर जाऊन त्यांनी गोड वाटलं. वहिनींनी रव्याचे लाडू वळून एकेक कागदात बांधून दिले होते. सगळ्यांनी दोन्ही हातांनी घेतले, सगळे वाकले. किमुरा-सानांसाठी वेगळा डबा होता, गणपती नसताना केलेले मोदक. दुसऱ्याच दिवशी कुरिअरवाला दारात आला. धुतलेला डबा, सुंदर कापड, आणि आत परतभेट: चहाची गाळणी. कारागिरानं हातानं विणलेली, जाळी इतकी बारीक की उजेडात धरली तर धुकं वाटावं. भारतीय लोक चहा फार पितात हे किमुरा-सानांनी लक्षात ठेवलं होतं.

खोतांनी ती मला दाखवली. "चीज महाग आहे," ते म्हणाले. "माणूस वाईट नाही हो."

"मी कुठे म्हणालो?"

"तुम्ही म्हणाला होतात. निरोप घ्यायला आलीय म्हणून."

व्हिसा टिकवायला नोकरी हवी होती, आणि समुद्रानं जे दिलं ते ऐका. शाळकरी मुलांना 'भारतीय गणित' शिकवणारा एक क्लास. जपानी आईबापांची अशी समजूत आहे की भारतीय माणूस जन्मतःच तोंडी गुणाकार करत बाहेर येतो. क्लासला चेहरा भारतीय हवा होता. त्यामागे काय आहे ते कोणी विचारलं नाही.

"मला एकोणतिसाचा पाढा आयुष्यात आला नाही," खोत मला म्हणाले.

"मग शिकवता काय?"

"रात्री पाठ करतो, सकाळी शिकवतो. ईरा घेते माझा पाढा." मग म्हणाले, "चिखलातही बारीक जीव असतात, नाटकवाले. पोट भरतं."

त्या वर्षीच्या गणपतीत मंडळाच्या नव्या अध्यक्षांनी माइकवरून त्यांची ओळख 'आपले गणिताचे सर' अशी करून दिली. मी माइक ओढून घेणार होतो. खोतांनी मागच्या खुर्चीवरून मला मानेनंच नको म्हटलं. पोरांनी देवमाशाचा हट्ट धरला नाही. त्यातली बरीच त्यांच्या क्लासला जात होती आणि त्यांना सरांची भीती बसली होती.

मग एका रविवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. दार खोतांनी उघडलं आणि माझी बायको, जी सहसा काही दाखवत नाही, एक पाऊल मागे सरली. मिशी नव्हती. तिथला ओठ पांढरा, अरुंद आणि विलक्षण उघडा दिसत होता, वर्षानुवर्षं लावलेली तसबीर काढल्यावर भिंत दिसते तसा.

"क्लासचा नियम," ते म्हणाले. "स्वच्छ चेहरा. लहान मुलं घाबरतात म्हणे."

मी काहीतरी विनोद केला. म्हणालो, यमराजाला द्यायला नकार दिला होतात, आणि गणिताला देऊन बसलात. ते हसले. न झाकलेला माणूस हसतो तेव्हा त्याला किती कमी हसायचंय ते कळतं.

जेवण झालं. वहिनींनी ताक आणलं. किमुरा-सानांच्या त्या गाळणीतून त्यांनी ते गाळून घेतलं होतं. त्यात ना जिरं, ना आलं, ना कोथिंबिरीचं पान. सवयीनं आम्ही सगळे बोलायचे थांबलो. खोतांनी भांडं तोंडाला लावलं, एका दमात रिकामं केलं, खाली ठेवलं आणि सभेवर नजर फिरवली. मग जीभ बाहेर आली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, जिथे काही नव्हतं तिथून, सावकाश फिरली.

"यामेते, बाबा," ईरा म्हणाली. या वेळी तिनं तोंड झाकलं नव्हतं.